मुखवटा, वेताळ आणि कारी

सुपरहिरोच्या गोष्टीत दोन गोष्टी हटकून असतात. एक अपघात आणि एक गुपित. अपघातातून तो मरता मरता वाचतो आणि वाचताना बदलून जातो. मग तो बदल घरच्यांपासून, कचेरीतल्या सहकाऱ्यांपासून, प्रेमाच्या माणसापासूनही लपवत तो जगतो. दिवसा एक नाव, रात्री दुसरं. दिवसाचं नाव कंटाळवाणं आणि सुरक्षित. रात्रीचं खरं, पण धोक्याचं. १९३८ मध्ये अमेरिकेत सुपरमॅन आला तेव्हापासून हा साचा फारसा बदललेला नाही.

खऱ्या आयुष्यातही असं दुहेरी जगणं वाट्याला आलेली माणसं आहेत. समलैंगिक स्त्री-पुरुष आणि स्त्री-पुरुष या चौकटीत न मावणारी माणसं त्यांत ठळकपणे दिसतात. तरीही ज्या कथाप्रकाराचा पायाच गुपितावर उभा आहे, त्यात या माणसांना उघडपणे नाव मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. हे असं का झालं आणि मराठी वाचकाच्या वाट्याला त्यातलं काय आलं, याचा शोध इथे घ्यायचा आहे. शोध घेताना एक साधा प्रश्न हाताशी ठेवला आहे : गोष्ट संपते तेव्हा असं पात्र जिवंत असतं का?

डॉक्टरांचा आरोप

सुरुवात १९५४ सालापासून करावी लागते. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात, असा त्याचा एकूण दावा होता. त्यात एक आरोप बॅटमॅनवर होता. श्रीमंत ब्रूस वेन, त्याच्याबरोबर राहणारा किशोरवयीन रॉबिन, मोठा बंगला, फुलदाण्या, सेवेला बटलर. हे चित्र म्हणजे दोन समलैंगिक पुरुषांच्या सहजीवनाचं स्वप्न आहे, असं वर्थम यांचं म्हणणं. वंडर वूमनकडेही त्यांनी याच नजरेनं पाहिलं. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन दोन स्त्रियांसह एका घरात संसार करत होता आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्या दोघी एकत्रच राहिल्या, ही हकिगत तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हती.

वर्थम यांना नुसते खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही. हार्लेमच्या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांनी १९४६ पासून नाममात्र शुल्कात मानसोपचार केंद्र चालवलं. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात त्यांची साक्ष उपयोगी पडली. मुलांची काळजी त्यांना खरोखरच होती. पण समलैंगिकता हा रोग आहे, हे त्या काळच्या वैद्यकानं गृहीतच धरलं होतं आणि वर्थमही त्याला अपवाद नव्हते.

त्यांची कागदपत्रं २०१० मध्ये अमेरिकेच्या संसद ग्रंथालयात अभ्यासकांसाठी खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेनं ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. वर्थम यांनी पुराव्यांत फेरफार केला होता, असं त्यातून दिसलं. बॅटमॅनच्या प्रकरणातलं उदाहरण बोलकं आहे. पुस्तकात एका तरुणाचं म्हणून जे कथन येतं, ते मुळात दोघांचं होतं आणि ते दोघं एकमेकांचे जोडीदार होते. शिवाय बॅटमॅनपेक्षा टारझन आणि पाण्याखालचा नायक सब-मरीनर आपल्याला जवळचे वाटतात, असं त्यांनी सांगितलं होतं. तो भाग पुस्तकातून गळला.

या गळलेल्या ओळींचं मोल मोठं आहे. १९५० च्या आगेमागे दोन मुलगे कॉमिक्स वाचत होते आणि कुणीही न सांगता त्यांना त्यात स्वतःसाठी जागा सापडत होती. जंगलात एकटा वाढलेला, कुठल्याच समाजात न बसणारा टारझन. अर्धा माणूस, अर्धा समुद्राचा असा सब-मरीनर. चित्रात उघड काही नसताना वाचक स्वतःला शोधून काढतो, याचा हा लेखी दाखला. त्याच वेळी त्यांचं म्हणणं पुसून टाकणाऱ्या हाताचाही.

गाळणी

वर्थम यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीनं कॉमिक्सची चौकशी केली. सरकारी कायदा अंगावर येण्याआधी आपणच आपलं नियमन करावं, म्हणून प्रकाशकांनी ऑक्टोबर १९५४ मध्ये एक आचारसंहिता स्वीकारली. तिचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर विक्रेते अंक ठेवायला कचरत. या संहितेत ‘लैंगिक विकृती’ दाखवायला बंदी होतीच. ती सुचवायलाही बंदी होती. त्या काळी समलैंगिकता विकृतीतच मोडत असल्यानं वेगळा उल्लेख करण्याची गरज नव्हती.

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, बॅटमॅनच्या आयुष्यात कॅथी केन ऊर्फ बॅटवूमन आली. बॅटमॅनवरचा संशय दूर करण्यासाठी तिला आणलं, असं कॉमिक्सचे बहुतेक इतिहासकार मानतात. लग्नाला आलेल्या मुलाबद्दल कुजबूज सुरू झाली की घरचे घाईघाईनं मुली बघायला लागतात, तसाच हा प्रकार.

सुचवायलाही बंदी असली की लेखक रूपकाकडे वळतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’ सुरू केलं. त्यातली पात्रं जन्मतःच वेगळी. वयात येताना त्यांना ते वेगळेपण कळतं, समाज त्यांना घाबरतो, आईबापही कधी कधी दूर लोटतात. वर्णभेद, धर्मभेद आणि लैंगिकता, सगळ्यांना हे रूपक पुरून उरलं. २००३ सालच्या दुसऱ्या एक्स-मेन चित्रपटात बर्फाची शक्ती असलेला बॉबी घरी आपलं गुपित सांगतो, तेव्हा त्याची आई विचारते की तू असं नसण्याचा प्रयत्न करून पाहिलास का. समलैंगिक मुलांना घरोघरी ऐकावा लागणारा हा प्रश्न चित्रपटानं जाणूनबुजून तिच्या तोंडी घातला होता. कॉमिक्समध्ये मात्र बॉबी समलैंगिक आहे, हे उघड व्हायला २०१५ उजाडलं. रूपकातून वस्तुस्थितीपर्यंत यायला बावन्न वर्षं लागली.

कोकणातला वेताळ

हे सगळं चालू असताना आपल्याकडे काय येत होतं? मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉकचा फँटम तिचा मुख्य नायक. हा सुपरमॅनच्याही आधीचा, १९३६ चा; अंगासरशी पोशाख आणि बाहुल्या न दिसणारा मुखवटा त्यानंच रूढ केला. इंद्रजाल इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतही निघत असे आणि मराठीत फँटमचा झाला वेताळ.

हे नाव कोकणात फार खोलवर रुजलं. इथला वेताळ ग्रामरक्षक. रात्री गावाच्या शिवेवरून फिरणारा. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला आजही मोठाल्या चपला वाहतात, कारण राखण करताना फिरून फिरून त्याच्या झिजतात अशी श्रद्धा आहे. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या चालत राहणारं, न मरणारं भूत ही फॉकची कल्पना इथल्या मुलांना परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजूला तर आणखी एक धागा होता. फँटमच्या घराण्याची सुरुवात समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून होते. पहिला फँटम किनाऱ्याला लागतो आणि चाचेगिरीचा नायनाट करण्याची शपथ घेतो. ज्या किनाऱ्याच्या आरमारप्रमुखाला, कान्होजी आंग्र्यांना, इंग्रज कागदपत्रांत चाचाच म्हटलेलं आहे, त्या किनाऱ्यावर ही शपथ वाचली जात होती. कोण चाचा आणि कोण रक्षक, हे कागद लिहिणाऱ्यावर ठरतं, याचा धडा इथल्या वाचकाला परंपरेनंच मिळालेला होता. कोण विकृत आणि कोण नाही, हेही असंच ठरत आलं आहे.

भारतीय वाचकाच्या हाती येईपर्यंत या गोष्टींवर संपादकांचा हात फिरत असे. मूळ कथेतला देश नावावरून बंगालसारखा वाटे, त्याचं ‘डेंकाली’ झालं. चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग’ होतं, ते ‘सिंगा’ झालं. एका खुन्याचं नाव ‘रामा’ होतं, त्याचं ‘रामालू’ झालं. भावना दुखावू नयेत ही दक्षता. समलैंगिकतेच्या बाबतीत असं काही कापण्याची वेळ संपादकांवर येण्याचं कारण नव्हतं, कारण मूळ ठिकाणची गाळणीच पुरेशी बारीक होती.

आपल्याकडेही एक गाळणी तयार झाली होती. १९५६ मध्ये भारतीय संसदेनं तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. गुन्हे, क्रौर्य, किळसवाणे प्रसंग चित्रांतून दाखवणारी आणि वीस वर्षांखालच्या वाचकाला बिघडवू शकतील अशी पुस्तकं विकणं त्यानं गुन्हा ठरवलं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उठलेल्या कॉमिक्सविरोधी लाटेचंच हे इथवर आलेलं पाणी होतं. शिवाय दंडसंहितेचं कलम ३७७ १८६० सालापासून होतंच.

पण मराठीला ही लढाई नवी नव्हती. र. धों. कर्वे जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचक लैंगिक प्रश्न पाठवत, कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांत हस्तमैथुन होतं आणि समलैंगिकताही. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. त्याच काळात, १९३३ ते १९३९, अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांचा प्रदीर्घ संप चालू होता आणि आंबेडकर त्या संपकऱ्यांच्याही पाठीशी होते. न्यायालयात त्यांची भूमिका अशी की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही आणि लोक प्रश्न विचारत असतील तर ज्ञान देणं हेच योग्य. समलैंगिकतेच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण वर्थम यांच्या पुस्तकाच्या वीस वर्षं आधी मुंबईच्या न्यायालयात एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसासाठी हे बोलला होता, ही नोंद आपल्या वाङ्मयीन इतिहासात ठळक अक्षरांत हवी. कर्वे १९५३ मध्ये वारले. त्यांचं मासिक तिथेच थांबलं.

खिडकीतून काय दिसलं

मराठीत प्रौढांसाठी चित्रं नव्हती असं नाही. ज्या दिवाळी अंकांच्या परंपरेत हा लेख छापला जातो आहे, तिनंच ती जोपासली. १९५१ पासूनच्या ‘आवाज’च्या खिडक्या आठवाव्यात. कापलेल्या चौकोनातून काहीतरी भलतंच दिसायचं आणि पान उलटलं की मामला साळसूद निघायचा. पाहणाऱ्याच्या मनातलं पाप त्याच्याच पदरात. सूचकतेचं हे अस्सल मराठी तंत्र. पण त्या खिडक्यांतली गंमत स्त्री-पुरुषांच्या लगटीवरच उभी असे. दुसऱ्या प्रकारच्या ओढीकडे उघडणारी खिडकी त्या चौकोनांत नव्हती.

ती उघडली रंगभूमीवर. स्त्रीपार्टी नटांची मोठी परंपरा असलेल्या आपल्या नाटकानं १९७९ मध्ये सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’त एका जुन्या स्त्रीपार्टी नटाचं मनोविश्व उभं केलं. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. विनय आपट्यांचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. सुमित्रा देव ही कॉलेजातली तरुणी. नामा या मैत्रिणीवर तिचं प्रेम आहे आणि ते ती नाकारत नाही. तिची गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू. तिला समजून घेण्याचा तो प्रयत्न करतो, पण शेवटपर्यंत साथ देणं त्याला जमत नाही. पत्रं, धमक्या, बदनामी आणि एकटेपणा यांच्यातून मित्रा आत्मनाशाकडे जाते. गोष्ट संपते तेव्हा ती जिवंत नसते. उरतो तो बापू, तिची गोष्ट सांगायला.

तेंडुलकरांचं धाडस मोठंच होतं. त्या काळी तिला दुसरा शेवट देता आला असता का, हा प्रश्न नाटकाला विचारण्यापेक्षा त्या समाजाला विचारायला हवा. पण मित्राच्या नंतरच्या वाचकाला आणि प्रेक्षकाला, विशेषतः तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या मुलीला, नाटकातून कोणता शेवट हाती लागला, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मरणाच्या दारातून

अमेरिकी कॉमिक्सचीही गत निराळी नव्हती. जॉन बर्न या चित्रकार-लेखकानं १९७९ मध्ये ‘एक्स-मेन’साठी नॉर्थस्टार हा कॅनडाचा नायक रेखला. तो समलैंगिक आहे हे बर्नच्या मनात पक्कं होतं, पण पानावर फक्त इशारे देता येत होते. पुढे १९८७ च्या सुमारास नॉर्थस्टार आजारी पडतो. हा आजार एड्स असावा आणि त्यातच त्याचा अंत व्हावा, असा तेव्हाच्या लेखकाचा बेत होता. प्रकाशकांनी तो रोखला आणि नॉर्थस्टारच्या अंगात परीलोकाचं रक्त असल्यानं त्याला हा त्रास होतो, असा विचित्र खुलासा जोडला. म्हणजे पर्याय दोनच : मरण किंवा तो या जगातला नाहीच असं सांगणं. त्याच सुमाराला दुसऱ्या मोठ्या प्रकाशनगृहानं एक्स्ट्रान्यो हा जादूगार आणला. उघड न म्हणता समलैंगिक ठरेल असा, लाडिक चालीचा आणि पुढे एचआयव्हीची लागण झालेला.

१९८९ मध्ये आचारसंहिता बदलली आणि समलैंगिकतेवरची बंदी उठली. १९९२ मध्ये ‘अल्फा फ्लाइट’च्या १०६ व्या अंकात नॉर्थस्टारनं आपण समलैंगिक आहोत हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्या कथेत एड्सग्रस्त तान्ही मुलगी आहे, ती मरते. नॉर्थस्टार मात्र वाचतो. अंक म्हणून तो फार सरस आहे असं नाही. एका तुंबळ हाणामारीच्या मध्यावर ही कबुली येते. पण ती आली.

आपल्याकडे १९९० साली इंद्रजाल बंद पडलं. त्याच वर्षी मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलैंगिकांसाठीचं नियतकालिक सुरू केलं. हा योगायोग, पण लक्षात राहण्याजोगा. साठ-सत्तरच्या दशकांत एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर किंवा भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात वेताळ वाचणारी मुलं तोवर मोठी झाली होती. त्यांतली बरीच पोटापाण्यासाठी रेवसच्या लाँचनं किंवा एसटीनं मुंबईला गेली होती. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा तो रिवाजच होता. मुंबईत एक आयुष्य, गणपतीला गावी आल्यावर दुसरं. ज्यांच्या पोटात हे गुपित होतं, त्यांना मुखवटा ही गोष्ट कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या मुखवट्यावर मात्र एकही गोष्ट नव्हती.

लग्न

नायकाचं लग्न हा कॉमिक्समधला मोठा सोहळा असतो. फँटम आणि डायनाचं लग्न १९७७ मध्ये झालं, सुपरमॅनचं १९९६ मध्ये. ‘द ऑथॉरिटी’ या मालिकेत अपोलो आणि मिडनायटर या दोन पुरुष नायकांचं लग्न २००२ मध्ये लागलं, पण ती मालिका प्रौढ वाचकांच्या कोपऱ्यातली. न्यूयॉर्क राज्यात समलैंगिक विवाह २०११ मध्ये कायदेशीर झाला आणि २०१२ मध्ये नॉर्थस्टारनं तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये काइल या आपल्या जोडीदाराशी लग्न केलं. ज्याला पंचवीस वर्षांपूर्वी मारायचं ठरलं होतं, तो बोहल्यावर चढला.

बॅटवूमनची कहाणी अधिक टोचणारी आहे. २००६ मध्ये हे नाव नव्या पात्राला दिलं गेलं : केट केन. ही समलैंगिक. समलैंगिक सैनिकांनी गप्प राहावं या नियमामुळे वेस्ट पॉइंट लष्करी अकादमी तिला सोडावी लागते; खोटं बोलून राहणं शक्य असूनही ती खरं सांगते. बॅटमॅनवरचा डाग पुसण्यासाठी १९५६ मध्ये जे नाव आणलं गेलं, तेच पन्नास वर्षांनी उलटून आलं. पण २०१३ मध्ये लेखकांनी तिचं मॅगी सॉयरशी लग्न लावायचं ठरवलं, तेव्हा प्रकाशकांनी नकार दिला. आमच्या नायकांना सुखी संसार मानवत नाही, कुणालाच लग्न नको, असं त्यांनी सांगितलं. लेखक मालिका सोडून गेले. नियम सर्वांना सारखा असेलही. पण ज्यांना कधीच लग्न करता आलं नाही त्यांच्यावर तो सारखा पडत नाही.

त्याच वर्षी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी दिलेला दिलासा साडेचार वर्षंच टिकला. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं हटलं ६ सप्टेंबर २०१८ रोजी. विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला. काल्पनिक नायकाला जे २०१२ मध्ये मिळालं, ते आपल्याकडच्या जिवंत माणसांना अजून मिळायचं आहे.

अमेरिकी प्रकाशकांच्या या औदार्याकडे भाबडेपणानं पाहू नये. २०१२ मध्ये जुना ग्रीन लँटर्न समलैंगिक झाला तो एका पर्यायी पृथ्वीवरचा. २०२१ मध्ये सुपरमॅन उभयलिंगी आहे अशी बातमी जगभर गेली. तो मूळ क्लार्क केंट नव्हता, त्याचा मुलगा जॉन होता. ‘पहिलावहिला’ ही जाहिरात वारंवार करता यावी अशी सोय या व्यवसायानं करून ठेवली आहे. तरीही १९५४ च्या त्या दोन मुलग्यांना टारझनच्या आड जे शोधावं लागलं, ते आज त्यांच्या वयाच्या मुलाला मुखपृष्ठावर दिसतं. हा फरक जाहिरातीनं पुसला जात नाही.

कारी

आता महाराष्ट्राच्या जवळ. अमृता पाटील यांचा जन्म १९७९ चा, पुण्यातला, वाढल्या गोव्यात. मुंबईत जाहिरात क्षेत्रात कॉपीरायटर म्हणून त्यांनी काम केलं. २००८ मध्ये त्यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी प्रसिद्ध झाली. इंग्रजीत लिहिलेली, बहुतांशी काळ्या-पांढऱ्यात रेखलेली, मधूनच रंग उसळून येणारी. पुढे ‘आदिपर्व’, ‘सौप्तिक’ आणि देवदत्त पटनायकांसह ‘अरण्यक’ या त्यांच्या पुस्तकांनी महाभारत आणि उपनिषदांचा प्रदेश धरला. पण इथे महत्त्वाची आहे ती पहिली.

‘कारी’ हे सुपरहिरो कॉमिक नाही. तिच्या नायिकेला उडता येत नाही. पण सांगाडा बघा. पुस्तकाची सुरुवातच दोन तरुणींच्या उडीनं होते. कारी आणि रूथ, दोघी प्रेमात, दोघी इमारतीवरून उडी घेतात. फ्रिडा काहलोच्या जुळ्या फ्रिडांच्या चित्राची आठवण देणारं चित्र सुरुवातीलाच समोर येतं : हृदयांना जोडलेल्या दोघी. रूथला इमारतीची सुरक्षाजाळी वाचवते आणि ती शहर सोडून निघून जाते. कारी पडते ती थेट गटारात. शहराची घाणच तिला झेलते.

सुपरहिरोच्या गोष्टीतला अपघात तो हाच. किरणोत्सारी कोळी चावतो, रसायनांचा पिंप अंगावर सांडतो, तसं इथे मुंबईचं गटार. आणि अपघातानंतर येते ती जबाबदारी. ज्या पाण्यानं आपल्याला वाचवलं त्याचं आपण देणं लागतो, असं कारीला वाटतं. दिवसा ती जाहिरात कंपनीत शाम्पूच्या जाहिराती लिहिते. रात्री मनाच्या नावेत बसून शहराच्या तुंबलेल्या गटारांतून वल्हं मारत फिरते, ती मोकळी करायला. दिवसा एक नाव, रात्री नावाडी. मुंबईची ही गटारं ज्या खाड्यांत आणि समुद्रात रिती होतात, त्याच पाण्यापलीकडे मांडवा आणि रेवस आहेत.

या रात्रपाळीत मारामारी नाही. खलनायकही नाही. कॅन्सरनं मरणपंथाला लागलेली एंजल आहे, जिच्याजवळ कारी बसून राहते. फ्लॅटमधल्या बिल्लो आणि डेल्ना आहेत, त्यांचे प्रियकर आहेत, सकाळची बाथरूमची रांग आहे. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कुठल्याही मुलीला हे घर ओळखीचं वाटेल. आरशात पाहताना कारीला नटीसारखं दिसायचं नसतं, शॉन पेनसारखं दिसायचं असतं. सहकारी विचारतो, तू नक्की कोण? ती सरळ उत्तर देत नाही, थट्टेवारी नेते. तिनं लपवलं म्हणून कुणी नाराज होईल. पण नीट पाहिलं तर लक्षात येतं की तिला कुणाच्या खात्यात जमा व्हायचं नाही.

आणि शेवट? कारी पुन्हा एकदा कठड्याशी येते. रूथवरचं प्रेम संपलेलं नाही. पण आता कुणासाठीही उडी मारायची नाही, असं ठरवून ती मागे फिरते. गोष्ट संपते तेव्हा ती जिवंत असते.

मित्राची गोष्ट मरणाशी संपते, कारीची तिथून सुरू होते. दोघींमध्ये सत्तावीस वर्षांचं अंतर आहे. या काळात कायदा बदललेला नव्हता. ‘कारी’ आली तेव्हा कलम ३७७ पूर्ण ताकदीनिशी उभं होतं, दिल्लीचा निकाल वर्षभर दूर होता. बदलला तो कथाप्रकार. शोकनाट्यात अपघात शेवटी येतो, सुपरहिरोच्या गोष्टीत पहिल्या पानावर. आणखी एक फरक : मित्राची गोष्ट बापू सांगतो, कारी स्वतःची स्वतः सांगते. ज्याची गोष्ट तोच सांगत असेल तर तो शेवटापर्यंत जिवंत राहावाच लागतो.

मोकळं पान

गद्यानं आणि रंगभूमीनं मराठीत यानंतर बरंच केलं. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं सत्य समोर आलेली आई बोलते. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत या विषयावर सातत्यानं लिहिलं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली. एकाच पाहुण्यावर जीव जडलेले भाऊ आणि बहीण तिच्यात आपापली बाजू सांगतात, आणि दोघंही जगतात.

पण हे सगळं मोठ्यांचं वाचन. वर्थम यांना खरी भीती होती ती लहानांची, आणि त्या एका बाबतीत त्यांचा नेम अचूक होता : माणूस कोण आहे हे त्याला कळायला लागतं ते बारा-तेराव्या वर्षी. कॉमिक्सचं वयही तेच. त्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला नाट्यगृहात ‘मित्राची गोष्ट’ पाहायला कुणी नेत नाही. तिच्या हाती पडतं ते पातळ, रंगीत, दोन दिवसांत परत करायचं पुस्तक. बृहन्नडा होऊन वर्षभर लपून राहिलेला अर्जुन आणि भीष्मासमोर उभा ठाकलेला शिखंडी आपल्याच भांडारात आहेत. मुखवटा घालून गावाची राखण करणारा वेताळही आहे. रेखाटणारे हात मराठीत कधीच कमी नव्हते, शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे यांच्या भाषेत तर नाहीच नाही.

कायद्याची अडचण २०१८ मध्ये संपली. आता राहिली आहे ती संपादकांची आणि पालकांची. ‘सिंग’चं ‘सिंगा’ करून वाचकाला सांभाळणारा तो जुना हात अजून आपल्यात आहे, आणि काय गाळायचं हे त्याला आजही कुणी सांगावं लागत नाही. त्यानं एकदा ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कारी’ शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. मुरूडच्या किंवा महाडच्या शाळेतली एखादी मुलगी पुढचं पान उलटणार आहे. तिला कोणता शेवट दाखवायचा, हे त्या हातावर अवलंबून आहे.